लोणच्याच्या बरणीतली वाईन

कुपवाड, मार्च १९७६

आबा, तुमच्या अन् आईच्या पायावर आकारामचं डोकं.

मी खुशाल हाय. काळी शेळी व्याली का?

आपल्या धाकट्या मनूसाठी तुमी सांगितलेलं स्थळ बघून आलो. पोरगा नाथाजी, कारखान्यात फिटर. घरात शिरलो तर घाण वास! गडी लोणच्याच्या बरणीत द्राक्षाची वाईन करतोय. बाजरीची बियरपण.

"चाखा, पाव्हणं."

शी! वाईनला हिंगाचा वास, बियर म्हणजे गोणपाट धुतलेलं पाणी. अंगणात जाऊन थुंकलो. "असलं पाजून आमची मनू मागताय व्हय?"

त्याची आई हसली, "सवता पीत न्हाई, पाव्हण्यांस्नी पाजतोय. समदी गप गिळत्यात. तुमीच खरं बोललात."

नाथाजी रागावला न्हाई. दोन्ही बरण्या मोरीत ओतल्या अन् सवता चहा केला.

तोंड अजून आंबट हाय, आबा. तरी मनूला विचारा, ती व्हय म्हणली तर सुपारी फोडा.

तुमचा भटक्या,
आकाराम