मानेतलं भुयार

२ मार्च, सोमवार

मूर्तीच्या मानेवरचा रंग आज परत सुटला. मी फक्त श्वास सोडला होता — आणि नखाएवढा लाल कपचा खाली! मागे लाकडात बारीक भोक.

ही लाकडाची बाई संग्रहालयात सगळ्यांची लाडकी; तिची डागडुजी माझ्याकडे. माणसाएवढी उंच, अंगावर लाल शाल, रंग अजून बोलका. पुढच्या महिन्यात तिला परगावच्या प्रदर्शनाला जायचंय. पेटीसुद्धा तयार. रंगाला न दुखवता आत बघायचं तर एकच वाट — दवाखान्यातलं सीटी स्कॅनचं मशीन. ते चालवते माझी धाकटी नणंद, ठमी.

"आण की, वहिनी. रविवारी गर्दी नसते. निदान ही बाई मला 'अजून किती वेळ' असं विचारणार नाही!"

तिला हसू येतंय. मला घाम.

८ मार्च, रविवार

गाडीत जीव मुठीत धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, गेला चेहरा!

मशीनच्या पलंगावर बाईला स्पंजात झोपवलं, पट्टे बांधले. काचेमागून ठमी म्हणाली, "श्वास रोखून धरा, असं सांगू का हिला?" मीच रोखला होता.

पडद्यावर एकेक चकती. झाडाच्या वयाची वलयं — काय सुंदर! पाय, पोट, छाती, सगळं भरीव. मग मान. नुसती काळी भुयारं. लाकूड नावाला. ठमीचं हसू मावळलं.

"वहिनी, हिचं डोकं कशावर उभंय गं?"

रंगावर. रंगावर आणि लाकडाच्या चार धाग्यांवर.

एका भुयारात पांढुरकं, वळलेलं काहीतरी. अळी.

१० मार्च, मंगळवार

साहेबांना चित्रं दाखवली. ते संग्रहालयाचे प्रमुख. माझी नोकरी दर वर्षी त्यांच्या सहीने पुढे सरकते.

"मेलेली असेल हो अळी. जुनं लाकूड म्हटलं की हे आलंच. बाई जाणार म्हणजे जाणार."

"पुन्हा एकदा स्कॅन करू द्या, साहेब. हलली असेल तर जिवंत आहे."

"आणि नसेल हलली?"

"तर मी स्वतः घालते तिला पेटीत."

का बोलले असं! जिभेला हाड नाही माझ्या.

११ मार्च

नवरा म्हणाला, भाजीत मीठ दोनदा पडलंय.

१५ मार्च, रविवार

साहेब स्वतः आले. ठमीने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. अळी पुढे सरकली होती. थोडीशीच. पण जबड्याकडे — चेहऱ्याकडे!

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे आपण वाद घालत होतो तेव्हाही ही खातच होती?" तिथूनच प्रदर्शनवाल्यांना फोन लावला: मूर्ती येणार नाही. मग माझ्याकडे वळले. "वाचवा तिला. वाटेल ते करा."

इतके दिवस साहेब नाही म्हणतील ही धास्ती. आता हो म्हणाले, तर ती जास्तच!

१८ मार्च, बुधवार

बाईला जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं. आतला प्राणवायू काढून टाकला. अळ्या गुदमरतील, रंगाला काही होणार नाही. मानेला दोन्हीकडून आधार. पण पिशवीला सुईएवढं भोक पडलं तरी सगळं मुसळ केरात. दर तासाला उठून बघते.

२७ मार्च

पिशवी ठीक. मी ठीक नाही.

१२ एप्रिल, रविवार

तिसरं स्कॅन. अळ्या जिथल्या तिथे, आक्रसून गेलेल्या. मेल्या! ठमीला मिठीच मारली. आता मान आतून भरता येईल.

मशीन बंद करता करता ती सहज म्हणाली, "पण वहिनी, ही ब्याद आली कुठून?"

घरी न जाता कामावर गेले. बाई आमच्याकडे आली तेव्हाचा एक्स-रे शोधून काढला. मान भरीव. एक भोक नाही.

म्हणजे कीड तिने आणली नाही. तिला इथे लागली.

१४ एप्रिल, मंगळवार

लाकडातली कुरतड ऐकायला ठमीकडून स्टेथोस्कोप आणला. बाई उभी असायची त्या दालनभर फिरले. कपाटं, चौथरा, दारं — काही नाही. कोपऱ्यात पहारेकरी काका खुर्चीवर.

"काय मॅडम, कोणाची छाती तपासताय?" हसले. हसता हसता टोपी काढून झटकली. पिवळसर भुकटी उडाली.

"हे काय, काका?"

"वरून पडतं. रोजचंच आहे. चुना असेल."

चुना पिवळा नसतो.

वर बघितलं. बरोबर त्यांच्या डोक्यावर छताची तुळई. शिडी लावली. कानात नळ्या घालून टेकवलं.

कुर्र. कुर्र. कुर्र. एक नाही — किती तरी! तुळईभर!

खाली उतरले. आधी काकांना उठवलं. ते म्हणाले, "अहो, पण माझी ड्यूटी!" हाताला धरून बाहेर नेलं. साहेबांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता दालन रिकामं करा. या वेळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. स्वतः दाराशी उभे राहून लोकांना परत पाठवत होते.

१८ एप्रिल, शनिवार

आज दुपारी तुळई कोसळली. आवाज झाला तेव्हा काका बाहेर अंगणात, उन्हात, माझ्यावर कुरकुरत होते.