डबा मुद्दाम ठेवलाय

आई,
मी निघाले. तू फिरून येशील तेव्हा ओट्यावर माझा डबा दिसेल. विसरले नाहीये, मुद्दाम ठेवलाय. तुझ्या वाटणीची अंडी आणि भाजी तू माझ्या डब्यात कोंबतेस, हे झाकण लागेनासं झालं तेव्हाच कळलं होतं. तुझ्या वजनाचा काटा हलत नाही आणि माझी पँट घट्ट होतेय, असं आपलं चाललंय.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी वजन उतरवायला सांगितलंय, उपाशी राहायला नाही. एवढं चालायचं, व्यायाम करायचा आणि वर नुसत्या चहावर दिवस काढायचा, हे कुणालाच झेपत नाही. दवाखान्यात दिवसभर पेशंटना हेच सांगून माझा घसा बसतो. घरी येऊन पुन्हा तेच बोलायचं त्राण उरत नाही, म्हणून लिहितेय.

डबा गरम कर आणि सगळा खा. मी कँटीनमध्ये जेवेन.

काल जिन्यात तू कठडा घट्ट धरून उभी होतीस. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं, बाहेर पाऊस आहे का बघतेय."

आई, आपल्या जिन्याला खिडकी नाही.