झऱ्यावरच्या खोलीतली पेटी

प्रिय डेल्फाताईस,

धाकट्या वर्डीचा प्रभूच्या नावाने नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? इकडे सर्व क्षेम आहे. निदान हे पत्र लिहायला बसले तेव्हा तरी होतं.

तुझं पार्सल मागेच पोचलं. सफरचंदाचा मुरंबा दोन बरण्या (एक झाकणाशी पाझरली होती, बोटाने निपटून घेतली, वाया काही गेलं नाही), लोकरीचे मोजे एक जोड आणि ह्यांच्यासाठी गळपट्टा. त्याच दिवशी ह्यांनीही डोंगरावरून माल आणला. शेपटी वाजवणारे विषारी खुळखुळे साप तीन, पैकी दोन पिवळे नि एक काळा, ह्यांच्या मनगटाएवढा जाड. खर्च : माझ्या लग्नात तू भरून दिलेले उशीचे अभ्रे दोन. होय ताई, कबुतरांच्या भरतकामाचेच. कपारीत ऊन खात पडलेला साप आकड्याने उचलावा आणि पिशवीत सोडावा, ही रीत मला मान्य आहे. पण पिशवी म्हणजे बटाट्याचं पोतं, आणि ते खुंटीला होतं. मी म्हटलं, "पोतं दिसलं नाही का?" तर म्हणतात, "त्याला भोकं आहेत." इतकी वर्षं त्याच भोकांतून बटाटे सांडतात, ते चालतं.

तुला ठाऊकच आहे, नऊ वर्षं हे आमच्या चर्चच्या मंडळीत मागच्या बाकावर बसून नुसत्या टाळ्या वाजवत. गेल्या फेब्रुवारीत खाणीचं छत कोसळलं नि हे एकटे चालत बाहेर आले. तेव्हापासून ह्यांच्या मनाने घेतलंय की देवाने आपल्याला काहीतरी कामासाठी राखलंय. (मला वाटलं होतं, छप्पर दुरुस्त करायला राखलं असेल.) विश्वास ठेवणाऱ्याने साप उचलावा हे बायबलात आहे, म्हणून आमच्या उपासनेत तो हातात धरतात, त्याला माझी ना नाही. चावला तर डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही, हाही आमचा नेम आहे, आणि त्यालाही मी नऊ वर्षं मोठ्याने 'आमेन' म्हणत आले. पण तेव्हा साप दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या हातात असत. ब्रदर लूथरला गेल्या साली चावला, दोन बोटं गेली. आता तो तीन बोटांनी गिटार वाजवतो. खरं सांगायचं तर आधीपेक्षा बरं वाजवतो, पण आमचे हे गिटार वाजवत नाहीत.

(आत्ता उठून पाहून आले. तीन आहेत.)

पेटी मागच्या ओसरीवर ठेवलीय. वर जाळी, तिला कडी, कडीत खिळा. पाहुणे म्हणून त्यांना नावं ठेवता यायची नाहीत. सहा आठवडे झाले, अन्नाला शिवले नाहीत. उंदीर टाकला तर त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, उंदीरच रोडावला. नरसाळ्याने पाणी घातलं की झालं. सासरची माणसं इतक्या थोडक्यात कधी भागली नाहीत. पण आवाज! वाळलेल्या घेवड्याच्या शेंगा कोणी डब्यात घालून हलवाव्यात तसा. झाडू काढला की वाजतात, ताक घुसळलं की वाजतात, मी भजन म्हटलं की तिघंही वाजतात. आणि वाजायचे थांबले की मी आणखी घाबरते, हातातलं पीठ तसंच टाकून मोजायला धावते. या भानगडीत दोनदा मक्याची भाकरी करपली.

गेल्या रविवारी मंडळीचा वार्षिक मेळा होता. हे त्या दिवशी पहिल्यांदा उचलणार हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. शनिवारी ऊन असं की लोणी पातळ व्हायला लागलं, आणि काळ्याने जाळीवर चौदा वेळा तोंड मारलं (मी मोजलं). हे खाणीवर गेलेले. मी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मग कामाला लागले. रविवारी सकाळी पेटी उचलताना हे म्हणाले, "तळ ओला कसा गं?" मी म्हटलं, "देवाच्या घरी घाणेरडी पेटी नेणार होतात?"

ताई, काय सांगू! आमचे पाळक ब्रदर एझरा ओरडले, "होबर्ट, प्रभूला जागा दे!" आणि ह्यांनी काळा उचलला. तो पिळून वाळत घातलेल्या मोज्यासारखा लोंबला. एक वाजणं नाही, एक फुत्कार नाही. बायका रडल्या, लूथरची गिटार थांबेना, आणि सगळ्यात मोठ्याने हालेलुया मी ओरडले. घरी येताना हे नुसते हसत होते. खाणीतून आल्यापासून हसले नव्हते. प्रभूची कृपा, दुसरं काय!

तर आता तुमच्या खोऱ्यातल्या मंडळीने ह्यांना पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बोलावलंय. आम्ही शनिवारी दुपारी तुझ्याकडे उतरू. ह्यांना उकडलेला घेवडा पुरे, आणि ते तिघे काही खात नाहीत. भावजींना म्हणावं, घाबरू नका.

तुझी,
वर्डी

ता. क. तुझ्यापासून काय लपवू? शनिवारी लोणी झऱ्यावरच्या दगडी खोलीत ठेवायला नेलं, तेव्हा पेटीही नेली आणि सकाळपर्यंत गार पाण्यात टेकवून ठेवली. मुक्या जनावरावर दया करावी म्हणून. आता हे प्रार्थनेत आभार मानतात तेव्हा मला मान वर करवत नाही.

ता. क. २. सोमवारी राहवलं नाही, ब्रदर एझरांच्या बायकोकडे, सिस्टर ऑर्फाकडे, जाऊन सगळं कबूल केलं आणि रडले. तिने दार लावून घेतलं आणि म्हणाली, "शनिवारी ठेवलीस? बाई गं, इतका उशीर करू नये, पुरते गारठून सुस्त होत नाहीत. ह्यांची पेटी मी शुक्रवारीच ठेवते. तेवीस वर्षं झाली." मग म्हणाली, "झरा कोणी वाहता केला, तू की मी?" तुला उत्तर सुचलं तर लिही.

ता. क. ३. तुमच्या झऱ्यावरची खोली अजून उभी आहे ना? पाणी आमच्याइतकं गार आहे का? आणि जेवण झाल्यावर भावजी ह्यांना डुकरं दाखवायला लांबच्या कुंपणापर्यंत नेतील का? (पाहून आले. तीन आहेत, तिघेही जागे.) उलट टपाली कळव, आणि पाकिटावर नाव फक्त माझं घाल.