न गळलेल्या पानांची फांदी

मी, शाळेचा निवृत्त शिपाई, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. छातीत धडधडतं, पण ते लहानपणापासूनच आहे. ते कारण धरू नये.

१. राहतं घर मुलाला. मागच्या दाराची कडी बाहेरून उघडते हे त्याला शंभरदा सांगितलं आहे. इथेही सांगतो.

२. पत्र्याची पेटी चित्रकलेच्या बाईंना. तीत बारा वर्षांचे कागद आहेत. दर पानगळीत बाई मुलांना मैदानातल्या मोठ्या झाडाखाली बसवतात. एक पान घ्यायचं, नीट बघायचं, रंग लावून ठसा उठवायचा, खाली चार ओळी लिहायच्या. कोणत्या फांदीचं पान, तेही बाई नोंदवतात. निवृत्त झालो तरी कागद वाळवायचं काम माझंच. त्यासाठी दुसरीच्या वर्गावर झुकलेल्या जाड फांदीला मीच तार गुंडाळली. कागद पडू नयेत म्हणून घट्ट. पुढे ती सैल करायचं माझ्या मनातही आलं नाही.

३. नातीची कविता नातीलाच. ती त्याच वर्गात बसते. यंदा तिने लिहिलं:

सगळ्या फांद्या उघड्या झाल्या
एक फांदी तशीच राहिली
ती पानं सोडत नाही
तिला कोणी सांगितलंच नाही

बाईंनी शाबासकी दिली. मी तिसरी ओळ पुन्हा वाचली. माझे वडील माळी होते. ते म्हणायचे, "जिवंत फांदी पान आपणहून सोडते. मेलेलीला तेवढंही जमत नाही." मी पेटी उघडून त्या फांदीच्या पानांचे ठसे ओळीने मांडले. पहिल्या वर्षीचं पान तळहाताएवढं, गेल्या वर्षीचं दोन बोटांएवढं. मग फांदी चाचपली. तार दिसेना. साल तिच्यावरून वाढली होती, पण बोटांना आत कडं लागलं.

४. मुख्याध्यापकांना काही नाही. फांदी मेली आहे, वर्गावर पडेल, हे सांगायला तीनदा गेलो. "मामा, सगळं झाड बोडकं झालं, ही एकच पानांनी भरलेली, आणि तुम्ही हिलाच मेली म्हणता? घरी जा, आराम करा." बाकीचे शिक्षक हसले. सोमवारी पालक येणार, त्याच फांदीला चित्रं टांगणार आहेत. फांदी उतरल्यावर तारेचं कडं निघेल, ते त्यांच्या टेबलावर ठेवावं. पण चूक माझी आहे. त्यांना फार बोलू नये.

५. करवत सुताराची. तो म्हणाला, "साहेबांच्या चिठ्ठीशिवाय मी झाडाला हात लावणार नाही." करवत मात्र दिली. जिथे पडलेली सापडेल तिथून उचलून त्याला पोचवावी. शिडी शाळेचीच आहे.

६. माझं काही बरंवाईट झालं तर नातीसमोर कवितेचा विषय काढून रडू नये. तिला एवढंच सांगावं, की आजोबांनी फांदीला सांगितलं.

साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही)
दूधवाला (अंगठा)
दोघांसमोर मी सही केली. मजकूर वाचू दिला नाही, नाहीतर शिडी लपवतील.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिवस: शनिवार. उद्या शाळेला सुट्टी आहे.