आईचं विणलेलं कव्हर आणि रॅम

आटपाडी, मंगळवार, दिवेलागण

सुटलो एकदाचा. कॉम्प्युटरची रॅम नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवतोय, आणि ती टिकते का बघायला परवापासून चाचणी लावतोय. सकाळी सगळं ठीक, दुपारी चुका. वेग थोडा उतरवला, तरी तेच. लग्नाचा व्हिडिओ बनवताना अशी चूक झाली आणि फाईल गेली, तर नवरीला काय तोंड दाखवू?

आज जेवून लगेच वर आलो तर सीपीयूवर आईचं विणलेलं कव्हर. पार खालपर्यंत ओढलेलं. आत हवा कोंडून रॅम तापणार नाही तर काय?

"आये, चालू हाय गं ते."

"काळं पडलं हुतं, मला वाटलं बंद हाय. लय धूळ बसती, म्हणून रोज झाडल्यावर झाकते, तू वर यायच्या आत काढते."

स्क्रीन तर मीच बंद ठेवून जातो. मग चूक कुणाची?

कव्हर काढून पुन्हा तोच वाढीव वेग लावला. आत्तापर्यंत एकही चूक नाही. फायदा मोजला, तर व्हिडिओ तयार व्हायला एका चहाइतका वेळ कमी. एवढ्यासाठी तीन दिवस जीव टांगणीला? असू दे.

आत्ताच आई वर येऊन गेली. कव्हर काखेत. मला ताप आल्यावर कपाळावर ठेवायची तसा तिनं सीपीयूवर हात ठेवला आणि म्हणाली, "उतरलाय."