तीन दिवस घर बंद

सोमवार, २६ सप्टेंबर १९९४

आले एकदाची नव्या मुंबईत! एस.टी.त अंग आंबून गेलं होतं, पण शिरवण्यात पाऊल टाकलं आणि सगळा शीण पळाला. सुरतेच्या प्लेगची बातमी ऐकून लोक इथून गावाकडे पळतायत आणि मी साताऱ्याहून उलटी इकडे येतेय, म्हणून आईने डोळ्यांतून पाणी काढलं. पण महिनाभराची का होईना, आरोग्यसेविकेची नोकरी आहे. घरी बसून कोण देणार होतं?

खोली झकास आहे. धर्मराज शेठच्या चाळीत अकरा खोल्या एका ओळीत, माझी दहावी. एक दार, छताजवळ जाळी, मागे कारखान्याची अखंड घरघर. भाडेकरू सगळे बाजारातले माथाडी, आपल्याच साताऱ्याकडचे. पण नऊ नंबर सोडून बाकीची बिऱ्हाडं दोन दिवसांत गावी पळाली. नऊ नंबरच्या सत्यभामावहिनींनी आल्या आल्या भाकरी-ठेचा आणून दिला. त्यांचे मालक हौसेराव आत खोकत होते. कांद्याच्या गोणींची धूळ, वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी शेठ आणि त्यांच्या पत्नी पुतळाबाईंनी समोरच्या त्यांच्या घरी चहाला बोलावलं. शेठ मूळचे इथलेच. शेती गेली, चाळ आली. मी माझं काम समजावून सांगितलं. घरोघर जायचं, ताप-खोकला विचारायचा, दारावर गेरूने लिहायचं. सगळं ठीक असेल तर 'नि'. ताप निघाला तर 'ता', म्हणजे माणसं गाडीत घालून दवाखान्यात आणि अख्खी चाळ रिकामी करून फवारणी. कुलूप दिसलं तर 'घ. बं.', घर बंद. लागोपाठ तीन दिवस घ. बं. आलं की ते घर यादीतून कटाप. शेठनी दोनदा विचारलं, "तीनच दिवस?" किती मन लावून ऐकतात! मीही बोलायला लागले की थांबत नाही, आई म्हणते ते खोटं नाही.

मंगळवार, २७

पहिल्याच दिवशी बहात्तर घरं. आमचे सिताराम साहेब माझ्या अक्षरावर खूश आहेत. घ मी असा गोलाईदार काढते की दारालाही शोभा येते!

चाळीत नऊ नंबरला कुलूप. नवं कोरं, पितळी. शेठ म्हणाले, "गावाला गेले ते. आत कोन नाय." निरोपसुद्धा न घेता गेल्या, म्हणून वहिनींचा जरा रागच आला. लिहिताना आतून टकटक ऐकू आली. "उंदीर हायेत, बाय." मी म्हटलं, मग आधी औषध टाका, प्लेगच्या साथीत उंदीर कसले पाळताय! दोघंही हसलो. घ. बं.

बुधवार, २८

पाय दुखतायत. दोन सेविका न सांगता पळून गेल्या, त्यांचीही घरं माझ्याच गळ्यात. नऊ नंबर: घ. बं. गेरू सांडू नये म्हणून दारातल्या चपला पायाने बाजूला सरकवल्या. उंदरांचा आज धुमाकूळ चालला होता.

गुरुवार, २९

नऊ नंबर तिसऱ्यांदा घ. बं. यादीत रेघ मारली. एक घर कमी झालं म्हणून बरंच वाटलं.

दुपारी जरा आडवी झाले. आमच्या मधल्या भिंतीवर टकटक. तीनदा. मग थांबून पुन्हा तीनदा.

उंदीर मोजून वाजवत नाहीत.

आणि त्या चपला. एक जोड पुरुषाचा, एक बाईचा. साताऱ्याला कोणी अनवाणी जातं का?

शुक्रवार, ३०

सकाळी शेठ बाहेर पडल्यावर नऊ नंबरच्या दाराशी गेले. हाक मारली. खालच्या फटीतून आवाज आला, "वाईच पाणी द्या की वो, बाई." वहिनींचा. हौसेराव बुधवारपासून बोलत नाहीत म्हणाल्या. फडकं भिजवून फटीतून दिलं. पिशवीतल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोळ्या सरकवल्या. त्यांनी माझी बोटं धरली. सोडेचनात. तीन दिवस मी याच दारावर सुबक अक्षर काढत होते. मला स्वतःची किळस आली.

शेठ आल्यावर किल्ली मागितली. त्यांनी हात जोडले. चाळीवर 'ता' लागला तर परत कोणी भाडेकरू येणार नाही, उद्या उघडतो म्हणाले. नाही उघडलंत तर सकाळी साहेबांना सांगेन, असं मी तोंडावर सांगून आले. पुतळाबाईंनी मान वर केली नाही.

तेव्हाच तडक साहेबांकडे जायला हवं होतं. तेव्हाच.

शनिवार, १ ऑक्टोबर

दार उघडत नाही. बाहेरून कुलूप आहे.

शेठ बाहेरून शांतपणे म्हणाले, "तुमाला ताप हाय, बाय. आराम करा."

मला ताप नाही. मला ताप नाही.

रविवार, २

ओरडून घसा बसला. कारखान्याच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? ट्रंकेवर चढूनही जाळीला हात पुरत नाही. दाराखालची फट शेठनी बाहेरून बुजवलीय, चिठ्ठीही सरकत नाही. हंड्यात दोन तांबे पाणी.

भिंतीवर तीनदा ठोकलं. पलीकडून उत्तर आलं. एकदाच.

सोमवार, ३

नवी सेविका आली! उत्साही आवाज. शेठ सांगत होते, दहा नंबरवाली घाबरून गावाला पळाली. खोटं! हाक मारायला गेले, नुसती खरखर निघाली. लाथा मारल्या, तांब्या आपटला —

"उंदीर हायेत, बाय."

ती हसली. मी हसले होते तशीच.

मग कुंचला.

मंगळवार, ४

आता खरंच ताप आहे. खोकल्यात तांबडं.

भिंतीपलीकडून उत्तर नाही. वहिनी — मी ठोकतेय, वहिनी —

दुसरं घ. बं.

बुधवार, ५

पाणी संपलं. गोळ्या त्या नव्या सेविकेच्या पिशवीत असतील. दाराच्या त्या बाजूला. एवढ्याशा अंतरावर.

माझ्या चपला बाहेरच आहेत. शेठच्या लक्षात आलेलं नाही. तिला दिसतील. आई, तिला दिसू देत —

आली.

थांबली. खाली बघतेय बहुतेक —

चपला सरकल्या. पायाने.

कुंचला दारावर. आधी घ. गोलाई. टिंब. आता —