जीपची वायर

पोरी,

काल चार तास तू जीपशी झटलीस. बॅटरी तपासलीस, प्लग घासलेस, पेट्रोलचा पाइप फुंकून पाहिलास, आणि मी साळसूदासारखा शेजारी उभा राहून पाना-पकड देत होतो. आपली ही म्हातारी जीप ठणठणीत आहे. कॉइलची वायर मीच काढली होती. साखरेच्या डब्यामागे ठेवली आहे. ती घट्ट बसव, चोक अर्धा ओढ, पहिल्या सेल्फला स्टार्ट होईल. इंजिन तापलं की चोक आत ढकल, नाहीतर नुसतं पेट्रोल पिते. नोकरीवर परवा हजर व्हायचंय, आरामात पोचशील. मी मुद्दाम बाहेर पडलोय. समोर असलो तर पुन्हा हात शिवशिवतील. दुपारी परत येईन, तेव्हा दारात जीपच्या जागी तेलाचा डागच काय तो दिसू दे.

बाबा